आठ महिने, एक ओबीडी स्कॅनर आणि ईजीआरचा माग

गाडी २०१४ ची, १.३ लिटर डिझेल, रनिंग एक लाख चाळीस हजारांच्या पुढे. गेल्या हिवाळ्यात चेक इंजिनचा दिवा लागला. मिस्त्रींनी मशीन जोडलं, दोषाचा पी०४०१ कोड वाचला आणि म्हणाले, "साहेब, ईजीआर व्हॉल्व्ह गेला, बदलून टाकू." खर्च पाच आकडी होता. मी थांबलो. गाडीच्या ओबीडी, म्हणजे दोष तपासायच्या, सॉकेटला लावायचा साडेआठशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर आणि हाताने चालवायचा एक व्हॅक्यूम पंप घेतला. आज आठ महिन्यांनंतर हे लिहितोय.

पी०४०१ चा अर्थ एवढाच, की ईजीआर व्हॉल्व्हमधून एक्झॉस्टचा जेवढा वायू परत इंजिनात यायला हवा तेवढा येत नाही. का येत नाही, हे कोड सांगत नाही. माझ्या गाडीत व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर उघडतो, आणि वायू आला की नाही हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, आत येणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवरून ठरवतो. एक्झॉस्टचा वायू आत आला की ताजी हवा तेवढी कमी ओढली जाते.

म्हणून इंजिन ८० अंशांच्या वर तापू दिलं आणि आयडलवर मोबाइलच्या पडद्यावर दोनच आकडे लावले : ईजीआरला दिलेला आदेश आणि एमएएफ. आदेश ४० टक्क्यांपर्यंत चढला, एमएएफ मात्र सेकंदाला ९ ग्रॅमवरून हलेना. म्हणजे कोड खरा होता. मग व्हॉल्व्हची नळी काढून तिथे पंप लावला आणि त्याचा काटा १५ इंच व्हॅक्यूमवर नेला. इंजिन खडखडलं, एमएएफ ५ वर आला, काटाही जागचा हलला नाही. व्हॉल्व्ह ठणठणीत, त्याचा डायफ्राम म्हणजे आतला पडदा शाबूत, वाटही मोकळी! दोष त्याच्या अलीकडेच असणार. आदेशाप्रमाणे व्हॅक्यूम सोडणाऱ्या सोलेनॉइडकडून येणारी रबरी नळी वळणावर चिरली होती, बोटाने दाबल्याशिवाय चीर दिसत नव्हती. हातभर नळी बदलली आणि दिवा गेला तो गेलाच.

त्या दिवशी निरोगी गाडीचे आकडे वहीत लिहून ठेवले. पावसाळ्यात तेच कामी आले. खंबाटकी चढताना गाडी दबायला लागली, मागे काळा धूर, कोड पी०४०२, म्हणजे उलटा दोष : वायू हवा त्यापेक्षा जास्त येतोय. या वेळी आदेश शून्य असतानाही एमएएफ ६ च्या आसपास. व्हॉल्व्ह काजळीने अर्धा उघडा अडकला होता. क्रँककेसमधली तेलाची वाफ आणि काजळी मिळून डांबरासारखा थर बसतो. खोलून, साफ करून, नवं गॅस्केट टाकून बसवला.

स्कॅनरच्या उणिवाही आहेत. तो व्हॉल्व्हला आदेश देऊ शकत नाही, म्हणून पंपाशिवाय माझं काम अर्धवटच राहिलं असतं. आकडे क्षणभर मागे असतात. ईजीआरचा आदेश प्रत्येक गाडीत दिसेलच असं नाही. लावून विसरलात तर उभ्या गाडीची बॅटरी पितो. शिवाय एमएएफच मळलेला असेल तर दोन्ही आकडे फसवतात, त्यामुळे आधी एअर फिल्टर आणि एमएएफ साफ करून घ्या.

दोघातिघांनी सल्ला दिला की मध्ये पत्रा मारून ईजीआर बंदच कर. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची काळोखी मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही, त्यामुळे कुणाला कळणारही नाही. पण ईजीआर आहेच मुळी ज्वलनाचं तापमान खाली ठेवून हे वायू कमी करायला. ते श्वासनलिकेला झोंबतात. माझ्या आईला दमा आहे आणि गाडी आमच्या खिडकीखालीच सुरू होते. मी पत्रा मारणार नाही.

दिवाळीनंतर इंजिनात हवा नेणारा इनटेक मॅनिफोल्ड उतरवायचा आहे. व्हॉल्व्हच्या तोंडाशी एवढा थर होता, तर आत किती असेल ते पाहायचंय.