‘शो सिम्बॉल’ की ‘राइट’?
जळगावात नव्या पोरांना ओपनव्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना मी ‘केळी’ नावाचं सिम्बॉल (किंमत साठवणारं नाव) करतो, किंमत 12. ती बघायच्या कमांड दोन: ‘शो सिम्बॉल’ आणि ‘राइट’. दुसरं काय सुचणार इथं!

‘शो सिम्बॉल केळी’ म्हटलं की 12 तर दिसतंच, सोबत हेक्समधला (सोळाच्या पायातला) सी आणि ऑक्टलमधले (आठच्या पायातले) 14सुद्धा. शिवाय बरोबरचं चिन्ह एकच असेल तर सिम्बॉल लोकल, म्हणजे मर्यादित जागी चालणारं; दोन असतील तर ग्लोबल, म्हणजे सगळीकडे चालणारं. किंमत अवतरणचिन्हांत आली तर ती स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, आकडा नव्हे. निम्म्या चुका इथंच सापडतात. सगळी ग्लोबल सिम्बॉल्स हवीत? ‘शो सिम्बॉल’पुढे ग्लोबल आणि ऑल जोडा.

‘राइट सिस-आउटपुट’ (सहसा पडद्यावर) नुसती किंमत छापतं, प्रकार सांगत नाही. पण केळी अधिक 3 दिलं तर 15 काढून देतं. कमांड प्रोसीजरमध्ये, म्हणजे कमांडांच्या फाइलमध्ये, वापरणाऱ्याला निरोप द्यायचा तर हेच बरं.