काट्यावरचा आकडा हलला नाही, तरी मी 48,340 रुपये भरले

रक्कम आधी सांगतो, कारण भेटेल तो पहिलं तेच विचारतो. 48,340 रुपये. सायकलच्या हलक्या कार्बन फायबरच्या चाकांसाठी ऑनलाइन चार हप्त्यांत पाठवले: 5,000 टोकन, 32,500 उरलेली किंमत, 6,840 कस्टमचे आणि 4,000 विम्याचं ‘परत मिळणारं’ डिपॉझिट. बदल्यात अ‍ॅल्युमिनियमची दोन चाकं आली. रिमवर प्लॅस्टिकची उंच कड चिकटवलेली आणि त्यावर कार्बनच्या विणीचं स्टिकर. घरात मी 12,000 सांगितले होते. खरा आकडा बायकोला पोलीस ठाण्यात कळला, मी अर्ज लिहीत असताना. तो तिला तिथं कळायला नको होता.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉप चालवतो. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर असतो. जॉब पाच शतांश मिलिमीटरनं चुकला तर मी तो बाजूला काढतो. असा माणूस फसला, म्हणून हे लिहितोय.

रविवारी आमचा आठ जणांचा सायकलचा ग्रुप रंकाळ्यावरून फुलेवाडीमार्गे गगनबावड्याच्या रस्त्याला लागतो. कळे गावाच्या पुढं समोरून वारा सुटला की मी मागं पडायचो. वय 46. दम असायचा, पण वाऱ्यात वेग टिकत नव्हता. परतल्यावर गंगावेशीत दूध प्यायला थांबलो की विषय एकच, एरो, म्हणजे हवेचा अडथळा कमी करणं. कुणी खोल, म्हणजे उंच कडेच्या रिमची चाकं घेतलेली, कुणी लांबट हेल्मेट. त्यातच एका पोरानं अशी चाकं विकणाऱ्या एका पेजची लिंक ग्रुपवर टाकली. त्याची चूक नाही, त्यानं स्वतः काही घेतलेलं नव्हतं. पण ग्रुपवर आलंय म्हणजे कुणीतरी बघितलंच असेल, असं मी धरून चाललो. तसं कुणीच बघितलेलं नव्हतं.

किंमत बघूनच शंका यायला हवी होती, असं आता सगळे म्हणतात. नाही येत. नावाजलेल्या कंपनीची कार्बन चाकं लाखाच्या पुढं जातात हे खरं, पण चीनमधल्या बऱ्या कंपन्यांची चाळीस-पन्नास हजारांत मिळतात आणि लोक ती वर्षानुवर्षं चालवतात. 37,500 हा आकडा अगदी पटेल असाच ठेवला होता. बारा हजार सांगितले असते तर मी पेज बंद केलं असतं.

पेजवरचा विकणारा माणूस बोलायलाही तयारीचा. 1989 च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची गोष्ट त्यानंच काढली. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस 24.5 किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायचं, ग्रेग लेमाँड 50 सेकंद मागे, आणि अख्खी शर्यत त्यानं लॉरां फिन्यॉंकडून 8 सेकंदांनी जिंकली. ‘एरोची ताकद बघा सर.’ गोष्ट खरी आहे. पण त्या दिवसाचं बोलणं निघतं ते लेमाँडच्या पुढं काढलेल्या हँडलबारचं आणि हेल्मेटचं. फिन्यॉं उघड्या डोक्यानं, मागं शेंडी सोडून पळाला होता. म्हणजे गोष्ट शरीराच्या ठेवणीची, आणि याच्या तोंडून ती चाकांची झाली. मी मान डोलावली.

दुसरं, ‘40 वॉट वाचतात’. किती वेगाला? ताशी 40 किलोमीटरला. आपण किती वेगानं जातो? मी 27-28 नं. हवेच्या विरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते, तेव्हा त्याचा आकडा खरा धरला तरी 28 ला ते 14 च्या आतच येतात. हा हिशोब मी शॉपमधल्या पाटीवर दोन मिनिटांत केला, पण पैसे गेल्यावर. कुणी वॉट सांगितले की आधी वेग विचारा.

आणि आता तो व्हिडिओ.

मी वजन विचारलं. त्यानं डिजिटल काट्यावर चाकं ठेवल्याचा व्हिडिओ पाठवला. आकडा 1,420 ग्रॅम. चाकं पडू नयेत म्हणून एक हात रिम धरून आहे, अंगठा वरून दाबलेला, नखाच्या कडेला काळा डाग. मग तो हात चाकं जरा फिरवतो, सोडतो, परत धरतो. आणि आकडा हलत नाही. एक ग्रॅमसुद्धा नाही. माझ्या शॉपमधला काटा टेबलाला कोपर लागलं तरी थरथरतो. हे मला दुसऱ्यांदा बघतानाच दिसलं होतं. दिसलं होतं, हे नीट वाचा. मी स्वतःला म्हटलं, होल्ड बटण असेल. तो व्हिडिओ मी सात वेळा बघितला आणि आठव्या वेळी बघण्याऐवजी 32,500 पाठवले. तोवर टोकनचे पाच हजार अडकले होते, ते सोडवत नव्हते. डोळ्याला खटकलेल्या गोष्टीला कारण शोधायला लागलात की थांबा. तिथंच थांबा.

पार्सल अडकलंय, कस्टम भरा, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे, तेच जुनं सोंग. सरकारी कर कुणाच्या खासगी यूपीआयवर जात नसतो. तरी भरले, कारण 37,500 आधीच आत होते. 4,000 परत देताना त्यानं यूपीआयवर पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवली आणि पिन मागितला. तेवढं मात्र मी केलं नाही. पैसे यायला पिन लागत नाही.

पार्सल आलं. उघडताना व्हिडिओ काढा, मी काढला नाही. शॉपच्या काट्यावर दोन्ही चाकं मिळून 2,610 ग्रॅम. व्हॉल्व्हच्या भोकापाशी नख घातलं तर स्टिकर सुटलं आणि खाली चकचकीत अ‍ॅल्युमिनियम दिसलं. प्लॅस्टिकची कड नुसत्या डिंकावर होती. मी ती चाकं सायकलला लावलीच नाहीत. पन्हाळ्यावरून वाघबीळकडं उतरताना पन्नासच्या वेगात ती कड सुटून स्पोकमध्ये गेली असती तर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

आता दारोदारचं. बँकेत सांगितलं, ‘पिन तुम्हीच टाकलाय, आमच्याकडून काही होणार नाही.’ पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी अर्ज वाचून समोरचा हवालदार हसला, ‘सायकलच्या चाकाला 48 हजार? तेवढ्यात जुनी मोटरसायकल आली असती की.’ शेजारचे दोघंही हसले. बायको बाजूला उभी होती. मी चोर होतो का? माझ्या कष्टाचे पैसे मी कशाला घालायचे, हे त्यांनी ठरवायचं? तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘वस्तू मिळालीय ना, मग हा ग्राहकाचा विषय, मंचात जा.’ कार्बन सांगून स्टिकर लावलेलं अ‍ॅल्युमिनियम देणं ही फसवणूक नाही तर काय आहे? गुजरीत कुणी सोनं म्हणून पितळ विकलं तर त्याला ‘वस्तू मिळाली ना’ म्हणाल का? भारतीय न्याय संहितेत त्याला कलम 318 आहे. मी ते म्हणालो, तर ‘लै शिकलाय की’ हे उत्तर. मंचात गेलो तर समोरच्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मी मंचात कशाला आलो असतो? पत्ता काढायचं काम पोलिसांचं, आणि पोलिसांनीच मला इकडं पाठवलेलं. चार फेऱ्या, चार अर्धे दिवस, शॉपवर दोन ऑर्डरी उशिरा गेल्या. हातात काय, तर एक पोच.

तुम्ही असं करू नका. पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम समोरच्यानं काढून घ्यायच्या आत गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. मी लाजेपायी सहा दिवस घालवले. चॅट पुसू नका, समोरचा पुसेल, म्हणून आधीच स्क्रीनशॉट घ्या.

आणि वाऱ्याचं म्हणाल तर हवेचा बहुतेक अडथळा आपल्या अंगाचाच असतो, तीन चतुर्थांशाच्या आसपास. सायकल आणि चाकं मिळून उरलेला. मी हँडलखालचे दोन स्पेसर, म्हणजे हँडल उंच करणाऱ्या चकत्या, काढले, फुकट. फडफडणारं विंडचीटर सोडून अंगाबरोबर बसणारी जर्सी घेतली, 1,450 रुपये. कोपर वाकवून हात आडवे ठेवायला शिकलो, त्याला महिना आणि थोडी पाठदुखी लागली. त्याच कळ्याच्या रस्त्यावर आता ग्रुपबरोबर टिकतो. क्लिप-ऑन एरोबार, म्हणजे हँडलला बसवायचे पुढं काढलेले दांडे, घ्यायचे तर ते सुद्धा चाकांच्या कितीतरी आधी, पण ग्रुपमध्ये मागे-पुढे माणसं असताना त्यावर हात ठेवू नका, ब्रेक लांब राहतात. चाकं सगळ्यात शेवटी. घ्यायचीच तर दुकानात जा, शिक्क्याचं बिल घ्या आणि वजन स्वतःच्या डोळ्यांसमोर करा.

परवा रात्री तोच व्हिडिओ दुसऱ्याच नावाच्या पेजवर दिसला. किंमत आता 29,999. तोच काटा, तोच 1,420, नखावरचा तोच काळा डाग. खाली मी लिहिलं की हे खोटं आहे. दहा मिनिटांत मला ब्लॉक केलं. त्याचा स्क्रीनशॉट प्रिंट करून मी अर्जाला जोडलाय. सोमवारी परत ठाण्यात जातोय.