पेटी नवी, बेअरिंग जुनं

गाडीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलणाऱ्यांनी हे नक्की वाचावं, कारण जुनी बेअरिंगं घासूनपुसून नव्या पेटीत विकण्याच्या या फसवणुकीत गिऱ्हाईक घरी काम करतं याचाच फायदा दुकानदार उठवतो. बेअरिंग लवकर गेलं की त्याचं उत्तर तयार असतं: तुम्ही घरी ठोकून बसवलं असणार. आणि एकदा ते नकलमध्ये (इंग्रजीत knuckle, बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा जाड लोखंडी भाग) दाबलं की आधी कसं होतं हे दाखवायला हातात काही उरत नाही.

आमच्याकडे गोव्यात पावसाळ्यात बेअरिंग जाणं नवीन नाही. डिचोली-साखळी भागात खड्ड्यांत लाल चिखलाचं पाणी साचतं. सील जरा सैल असलं की ते आत शिरतं, ग्रीस खराब होतं आणि गोळ्या फिरतात त्या वाटेला गंज धरतो. आमच्या गाडीचा आवाज चवथीच्या सुमारास सुरू झाला. साठच्या पुढे घरघर, उजवीकडे वळताना जास्त, डावीकडे वळताना कमी. उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे दोष डाव्या बाजूला. गाडी जॅकवर घेतली, स्प्रिंगवर हात ठेवला आणि चाक फिरवलं, तर खरखर बोटांना स्पष्ट लागली.

डावं गेलं म्हणजे उजवंही फार दूर नाही, म्हणून म्हापशातल्या एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून दोन बेअरिंगं घेतली. पेटी नामांकित कंपनीची, वर होलोग्राम, आत तेलकट प्लॅस्टिकची पिशवी. एकाचे १,२०० सांगून दोन्ही मिळून १,९०० ला दिली. "पात्रांव, कंपनीचा माल आहे, डोळे मिटून बसवा," असं वर सांगितलं. बिल मागितलं तर म्हणाला, बिल केलं तर टॅक्स लागेल, आणि वहीच्या कागदावर "बेरिंग २" असं लिहून दिलं. पैसे मी मोबाइलवरून दिले होते. ती नोंद पुढे फार कामाला आली.

काम मी नीट केलं, आणि ते सविस्तर सांगतो, कारण दुकानदाराचा सगळा आरोप त्याच्यावरच होता. एक्सल नटची ठोकून बसवलेली कड आधी छिन्नीने सरळ केली, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केला. मग गाडी स्टँडवर घेतली. ब्रेकचा कॅलिपर काढून तारेने वर टांगला, म्हणजे ब्रेकच्या होजवर ताण येत नाही. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, शॉकअपचे दोन बोल्ट सोडवून अख्खी नकल बाहेर काढली आणि साखळीला लेथवाल्या काकांकडे प्रेसवर नेली. हातोड्याचा प्रश्नच नव्हता. हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) दाबून काढलं की जुन्या बेअरिंगची आतली अर्धी रिंग हबवरच अडकून येते, ती पुलरने काढली. बेअरिंगला अडवून ठेवणारी सर्क्लिप काढून बाहेरची रिंग दाबून काढली. नवं बसवताना काकांनी दाब फक्त बाहेरच्या रिंगवर दिला आणि हब दाबताना आतल्या रिंगला खालून टेकू दिला. हे चुकलं तर दाब गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग तिथेच खराब होतं. एक्सल नट नवा घेतला, बायकोला ब्रेक दाबून धरायला सांगून टॉर्क पान्याने पूर्ण आवळला, आणि त्यानंतरच चाकावर भार टाकला. मग चाकांचं अलाइनमेंट.

एकच गोष्ट खटकली होती. प्रेसवर बेअरिंग फार सहज आत गेलं. काका तेव्हाच म्हणाले होते, "एवढं हलकं जायला नको."

थोड्याच आठवड्यांत घरघर परत आली. बेळगावहून चोर्ला घाटाने उतरत होतो, मागे आई आणि मुलगी बसलेल्या, आणि एका वळणानंतर ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा खोल गेला. बेअरिंगमध्ये खेळ आला की डिस्क डुगडुगते, पॅड मागे ढकलले जातात आणि पुढच्या वेळी पेडलचा पहिला भाग पोकळ जातो. दुसऱ्यांदा दाबल्यावर ब्रेक लागला. खाली केरीपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये आलो. एका बेअरिंगमागे चारशे-पाचशे रुपये जास्त मिळावेत म्हणून कुणी घाटातल्या माणसांचा जीव असा टांगणीला लावतो, याचा राग अजून गेलेला नाही.

उजव्या बाजूचं बेअरिंग अजून पेटीतच होतं, म्हणून ही चोरी पकडता आली. ते काकांच्या टेबलावर दिव्याखाली धरलं. पिशवीत चकचकीत दिसणारी बाहेरची रिंग पेट्रोलने पुसली तर तिच्यावर बफिंगचे बारीक आडवे ओरखडे निघाले, आणि त्यांच्याखाली एक फिकट करडा पट्टा. "हे बघ पुता," काका म्हणाले, "हे आधी कुठल्यातरी नकलमध्ये बसून आलंय." सीलच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्याची खूण होती. रिंगवरची कंपनीची अक्षरं एका बाजूला घासून पुसट झालेली, आणि तिथला नंबर पेटीवरच्या नंबराशी जुळत नव्हता. मग मायक्रोमीटर लावला. बाहेरचा व्यास असायला हवा त्यापेक्षा चार शतांश मिलिमीटर कमी. या आकाराच्या साध्या दर्जाच्या बेअरिंगलाही जेमतेम एक शतांशाच्या आसपास सूट असते. पॉलिश करताना पोलाद खाल्लं गेलं होतं. तसंच डावंही असणार, म्हणून ते सहज आत गेलं आणि नकलमध्ये घट्ट बसलंच नाही. काढल्यावर नकलच्या आत रिंग फिरल्याच्या खुणा होत्याच.

थोडक्यात, भंगारातून जुनी बेअरिंगं गोळा करायची, धुवायची, घासायची, नवं ग्रीस भरायचं आणि छापलेल्या पेटीत घालायची. पेटीवरून हे कळत नाही.

दुकानदाराकडे दोन्ही घेऊन गेलो. डाव्याबद्दल त्याने अपेक्षेप्रमाणे "घरी ठोकलं" म्हटलं. उजवं पुढे केलं, तर हे माझ्या दुकानातलं कशावरून, असं विचारलं. मोबाइलवरची पैशांची नोंद आणि त्याच्या अक्षरातली चिठ्ठी समोर ठेवल्यावर ९५० रुपये परत द्यायला तयार झाला, एकाचेच. मी घेतले नाहीत, कारण ते घेऊन प्रकरण मिटलं असं त्याला म्हणता आलं असतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाणार. खरेदीची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं हा ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ खाली गुन्हाही आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. हे दुकानदाराला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला.

आता दोन्ही बाजूंना गाडीच्या कंपनीच्या अधिकृत पार्ट्स काउंटरवरून पक्क्या बिलावर घेतलेली बेअरिंगं आहेत, आणि पार्ट नंबर बिलावर छापलेला आहे. नकलही बदलावी लागली, तो खर्च बेअरिंगच्या कितीतरी पट झाला. तुम्ही बाहेरून घेणार असाल तर पेटी दुकानातच उघडा. रिंगवरचा नंबर पेटीशी जुळवा, बाहेरची रिंग कापडाने पुसून उजेडात फिरवून बघा, सीलची कड नखाने चाचपा, आणि फोटो काढून ठेवा. बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफचं ऑथेंटिकेट आणि शेफलरचं ओरिजिनचेक ही अ‍ॅप्स आहेत, त्यांच्या नावाचा माल असेल तर बसवण्याआधी तिथे तपासता येतो. दुकानदार पेटी उघडू देत नसेल तर तिथून उठा. आणि प्रेसवाल्याला सांगून ठेवा की बेअरिंग सैल जातंय असं वाटलं तर तिथेच थांबायचं, कारण तोवर ते परत करता येतं.

कच्च्या चिठ्ठीवर, स्वस्तात, कंपनीच्या पेटीतलं बेअरिंग कुणी आधीच बसवलं असेल, तर या रविवारी गाडी जॅकवर घ्या. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खटखट लागली, किंवा मोठ्या वळणानंतर ब्रेक पहिल्या दाबाला खोल जात असेल, तर ती गाडी घाटात नेऊ नका. काढलेलं बेअरिंग आणि पेटी फेकू नका, तक्रारीला दोन्ही लागतात.