तुर्की ओयाचे टॉवेल, आठ महिन्यांनंतर: किनार तशीच, टॉवेल आटला

तुर्कस्तानातून आणलेले, ओयाची किनार असलेले चार हात-टॉवेल (ओया म्हणजे सुईने किंवा क्रोशाने कडेला विणलेली बारीक फुलांची लेस) आणि एक पेश्किर (दोन्ही टोकांना भरतकाम असलेला लांब पंचा) आठ महिने रोजच्या वापरात आहेत. तिसऱ्या धुण्यालाच टॉवेलांची किनार लाटांसारखी वर उठली. पैसे पाण्यात गेले असंच तेव्हा वाटलं. ते मत आता बदललं आहे, पण अर्धंच.

लाटा का येतात? टॉवेल सुती, लेस पॉलिएस्टरच्या दोऱ्याची. 50 सेंमी रुंदीचा टॉवेल आटून 48 झाला, ओया मात्र 50 चीच राहिली. उरलेल्या 2 सेंमीला जागा नाही, म्हणून ती फुगते. विकणाऱ्याचं उत्तर एकच: "हाताने धुवायला हवं होतं." हाताने धुतलं म्हणून सूत आटायचं थांबत नाही. कापड आधी धुऊन घेऊन मग किनार लावायची, हे शिवणकामातलं पहिलं पाऊल. तेच इथे गाळलं आहे, आणि या किमतीला ते माफ करवत नाही.

दोष ओयाचा नाही, हे किनार उसवल्यावर कळलं. सुईची ओया म्हणजे गाठींचं काम. दोरा सुईच्या टोकाला गुंडाळून ओढला की गाठ बसते, आणि प्रत्येक फास असाच जागच्या जागी बंद होतो. म्हणून एक फास तुटला तरी शेजारचा सुटत नाही. क्रोशाची ओया दिसते साधारण तशीच, पण एक दोरा तुटला की साखळी ओघळत जाते. घेताना भिंगातून बघा: वेणीसारखी साखळी दिसली तर क्रोशा, बारीक जाळीत टिपक्यांएवढ्या गाठी दिसल्या तर सुई. "हातची ओया" म्हणून दोन्ही विकल्या जातात, कारण दोन्ही हातचीच असतात. किमतीत मात्र फरक असायला हवा.

दुरुस्ती अशी. टॉवेलला जोडणारा दोरा तेवढा उसवा, ओयाच्या मुळाशी असलेल्या फासांच्या ओळीला धक्का लावू नका. टॉवेल गरम पाण्यात तीनदा धुऊन पूर्ण वाळवा, मग मोजा. ओया जास्त भरली तर शेवटचं एक फूल दोन नक्ष्यांच्या मधून कापून टाका. गाठींमुळे काही उसवत नाही. हे क्रोशाला करू नका. मग आधी मधोमध, नंतर दर 5 सेंमीवर टाचणी लावा आणि पॉलिएस्टर दोऱ्याने 3-4 मिमीच्या टाक्यांनी शिवा. दर 5 सेंमीला एक उलट टाका घ्या, म्हणजे पुढे कुठे तुटलं तरी तेवढाच तुकडा सुटेल. अशी शिवलेली किनार पाच महिन्यांत एकदाही फुगलेली नाही.

फुलं उभी राहावीत म्हणून साखरेच्या पाण्याची खळ देण्याची जुनी पद्धत आहे. मुंबईच्या पावसाळ्यात ती चिकट होते आणि मुंग्या लागतात. कोमट पाण्यात दोनदा खंगाळून काढून टाका. पॉलिएस्टरची पाकळी ओली असताना चिमटीत धरून आकार दिला की तशीच वाळते. रेशमी ओया मात्र खळीशिवाय लोळते, ती हात-टॉवेलला घेऊच नये. मशीनमध्ये जाळीच्या पिशवीतच टाका, दुसऱ्या कपड्याची चेन एका फासात अडकली की सगळी किनार ओढली जाते. काचमण्यांची ओया असेल तर मशीन नकोच.

पेश्किरबद्दल एकही तक्रार नाही. त्यावरचं काम 'हेसाप इशी', हेसाप म्हणजे आपलाच हिशेब: कापडाचे धागे मोजून टाका घालायचा. उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या, गाठ कुठेही नाही, दोऱ्याचं टोक टाक्यांखालीच लपवलेलं. कसुतीतली (कर्नाटकातल्या भरतकामातली) गावंती, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा टाका, ज्यांनी घातली आहे त्यांना यातली मेहनत लगेच कळेल. इस्त्री जाड टॉवेलवर पसरून करा, नाहीतर टाके चपटे होतात.

तुर्कस्तानात कापड जीर्ण झालं की ओया उतरवून नव्याला लावतात. म्हणून पुढच्या वेळी टॉवेल घेणारच नाही. नुसती ओयाची पट्टी घ्यायची आणि घरच्या, चांगल्या धुतलेल्या टॉवेलला लावायची. फक्त पट्टी टॉवेलच्या मापापेक्षा एका फुलाने जास्त मागून घ्या.