काय बे, दिसतंय का तुला?

‘मेमॉयर ४४’ हा रिचर्ड बोर्गनं बनवलेला २००४ सालचा पटावरचा खेळ दिवाळीत घरी आला. आधी नवी पेठेत दोन दुकानं हिंडलो, दोन्हीकडं कॅरम, बुद्धिबळ आणि व्यापार. मग ऑनलाइन मागवला. खोक्याचा एक कोपरा चेपून आला, पण आतले सैनिक धड होते म्हणून परत नाही केला.

खेळ दुसऱ्या महायुद्धाचा. षटकोनी घरांचा पट, त्यावर प्लॅस्टिकचे बारके सैनिक, रणगाडे, तोफा. पत्ता टाकायचा, तुकडी हलवायची, फासे टाकायचे. एवढंच. पाच रविवार खेळून मी लिहायला बसलोय ते एकाच नियमापायी: कोण कुणाला दिसतं.

समोर भाचा, नववीतला. विजापूर रोडवरून सायकल हाणत येतो आणि बसल्या बसल्या म्हणतो, “मामा, तुझा सैनिक दिसतोय मला.”

“काय बे, मध्ये जंगल आहे की!”

नियम तसा सरळ आहे. आपल्या घराच्या मध्यापासून समोरच्या घराच्या मध्यापर्यंत रेघ धरायची. वाटेत जंगल, गाव, टेकडी नाहीतर कुठलीही तुकडी आली की नजर अडली. आपली स्वतःची तुकडीसुद्धा अडवते, हे पचायला आम्हाला दोन रविवार लागले. तोफेला मात्र काही दिसावं लागत नाही, ती सहा घरांपर्यंत डोक्यावरून मारते.

पट्टी पटावर ठेवली की सैनिक आडवे होतात. बाबांच्या मागावरच्या कांड्या अजून माळ्यावर आहेत, त्यातली लाल सुताची एक काढली. दोघांनी दोन टोकं धरून सूत ताणायचं.

त्या दिवशी त्याचा रणगाडा माझ्यापासून दोन घरांवर. मधली दोन घरं शेजारी शेजारी, एक जंगल, दुसरं मोकळं. सूत बरोबर दोघांच्या सांध्यावर बसलं. मी म्हटलं, जंगलाला लागलं. त्यानं शेंगाचटणीचा हात पँटीला पुसला आणि नियमपुस्तक उघडलं: सांध्यावरून रेघ गेली तर दोन्ही बाजूंना अडथळा असेल तरच नजर अडते. तीन फासे टाकले. फाशांवर आले दोन सैनिक, एक हातबॉम्ब, म्हणजे तिन्ही लागले. माझ्या तुकडीतल्या चारातला एक उरला.

आणि त्याच एकट्यानं पुढच्या पाळीत माझी मागची अख्खी तुकडी झाकली! चार सैनिक उभे असोत की एक, अडवणं सारखंच. हे मला पटत नाही. एका माणसाआड चौघं लपतात होय? पण हिशेब करत बसायची वेळ येत नाही, हेही खरं.

शेजारच्या पोराकडं ‘ग्लूमहेवन’ हा असाच पटावरचा दुसरा खेळ आहे. त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ धरतात आणि अडवते ती फक्त भिंत. भांडणं कमी, पण लपायची मजाही गेली. मला आमचंच बरं वाटतं.

घ्यायचा असेल तर दोघंच असाल तेव्हा घ्या. टेकड्यांचा नियम आधी वाचून ठेवा: टेकडी नजर अडवते, पण दोघंही एकाच सलग टेकड्यांवर असतील तर एकमेकांना दिसतात. यावरून आमचं एकदा जेवण थांबलं होतं.

कांडी आता खोक्यातच ठेवलीय. भाचा जाताना दर वेळी सूत मोजून बघतो, मामानं कापलं तर नाही ना म्हणून.