मृग नक्षत्रातला तेजोमेघ टिपायचाय: माउंट-कॅमेरा घ्यावा की स्मार्ट दुर्बीण?

आठ इंची डॉबसोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) घेऊन त्याला कॅमेरा लावायचा विचार असेल, तर तो आधी सोडा. डॉब डोळ्यांनी बघायला उत्तम, चंद्राचे फोटोही झकास येतात. पण आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं. १२०० मिमी फोकल लेंग्थवर, मोटर नसताना, एका सेकंदातच ताऱ्याची रेघ होते. त्यात बऱ्याच डॉबना डीएसएलआर लावला की फोकसच सापडत नाही. दोन्ही गोष्टी मी पैसे मोजून शिकलोय.

मग उरतात दोनच वाटा.

पहिली म्हणजे ७०-८० मिमीची भिंगाची दुर्बीण, इक्वेटोरियल माउंट (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती, आकाशाच्या वेगाने दुर्बीण फिरवणारी मोटरची बैठक) आणि डीएसएलआर. यात निम्म्याहून जास्त पैसे माउंटलाच जातात, आणि जाऊ द्यावेत. अडचण येते ती ध्रुवाची. सोलापूरचे अक्षांश सुमारे १७.७ अंश, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. जुळे सोलापुरातल्या माझ्या गच्चीवर नेमकी तिथे शेजारच्यांची पाण्याची टाकी. आमच्याकडे गच्ची म्हटली की टाक्या आल्याच! माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नीट लागला नाही, तर पुढचं सगळं फुकट. लागला, तर मात्र मिनिटा-मिनिटाचे शंभर फोटो काढा, सिरिलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचा, आणि बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो पुसट ठिपका दिसत होता त्याला पंख फुटलेले बघा. मधले चार तारे पांढरेफटक जळतात, म्हणून दोन-तीन सेकंदांचे वेगळे फोटोही घ्यायचे. साध्या डीएसएलआरमधला फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो. मृगातला मेघ तेजस्वी, त्यामुळे तिथे निभावतं. अश्वमुखाला (मृगातलाच घोड्याच्या तोंडासारखा अंधुक मेघ) मात्र रडवतो.

दुसरी वाट स्मार्ट दुर्बिणीची. सीस्टार एस५० घ्या उदाहरणाला: ५० मिमी भिंग, २५० मिमी फोकल लेंग्थ, वजन अडीच किलो. गच्चीवर ठेवली, मोबाइलवर नाव निवडलं, की ताऱ्यांचे नकाशे ताडून ती स्वतःच मेघ शोधते. टाकी असो नाहीतर नसो. आत हायड्रोजन-ऑक्सिजनचाच प्रकाश सोडणारा फिल्टर आहे, आणि एलईडी दिव्यांनी उजळलेल्या शहरात खरी किंमत त्याचीच. फोटोत मावणारी आकाशाची चौकट मात्र जेमतेम १.३ बाय ०.७ अंशांची. मृगातला मेघ अंशभर पसरलेला, त्यामुळे कडा कापल्या जातात. व्हॉट्सॲपला ठीक, भिंतीवर मोठा लावायला नाही.

परदेशी व्हिडिओ बघून घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अशी दुर्बीण साध्या तिपाईवर वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते, म्हणून चौकटीतलं आकाश हळूहळू गरगरतं. आपल्याकडे मृग दक्षिणेला ६७ अंश उंच चढतो, आणि तिथे हे गरगरणं सगळ्यात जास्त. जानेवारीच्या मध्यात तो साडेदहाच्या सुमारास माथ्याशी येतो, म्हणून साडेसात ते नऊ, पूर्वेला असतानाच उरकून घ्या. गड्ड्याच्या जत्रेचे (सोलापुरातली सिद्धेश्वराची यात्रा) दिवस तेवढे सोडा. दारूकामाच्या धुरात दुर्बीण काय आणि तुम्ही काय, दोघंही आंधळे.

धनु राशीतल्या मेघांचा मोसम पावसाळ्यात बुडतो. ते मे महिन्यात पहाटे तीनला मिळतात, पण तेव्हाच्या उकाड्यात सेन्सरवर खरखर वाढते. दोन्ही वाटांना हा त्रास सारखाच.

कॅमेरा आधीच घरात असेल आणि अमावास्येच्या आसपास बार्शी रोडने नान्नजच्या पुढे एखाद्या ओळखीच्या शेतात रात्र काढायची तयारी असेल (भाकरी, शेंगाचटणी, दवासाठी जुनी चादर), तर माउंट घ्या. तिथलं काळं आकाश स्मार्ट दुर्बिणीच्या फिल्टरपेक्षा कितीतरी देतं. नोकरीवरून आठला घरी येऊन जेवायच्या आधी गच्चीवर जाणार असाल, तर स्मार्टच. माझं माउंट दिवाळीपासून पेटीत आहे. स्मार्ट दुर्बीण परवाच बाहेर काढली होती.