लीडरशिप कोर्सच्या नावाखाली माझ्या नावावर २,७०,००० रुपयांचं कर्ज काढलं

माझ्या खिशातून आतापर्यंत गेले ते १,६६,३७२ रुपये. आकडा शेवटच्या रुपयापर्यंत लिहितेय, कारण तो आता मला पाठ झालाय.

मी हिंजवडीत तेरा वर्षं काम करते, त्यातली शेवटची चार टेक लीड, म्हणजे टीमची तांत्रिक प्रमुख, म्हणून. गेल्या अप्रेझलमध्ये तिसऱ्यांदा तेच ऐकलं: "टेक्निकली उत्तम, पण पीपल मॅनेजमेंट कमी पडतंय." माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा मॅनेजर झाला. त्याच आठवड्यात रात्री एक्झिक्युटिव्ह एमबीए शोधत बसले, एका फॉर्ममध्ये नंबर टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपासून फोन सुरू. "शेवटच्या दोन सीट", "आजच्यापुरती स्कॉलरशिप" वगैरे तुम्हाला माहीतच आहे. मलाही माहीत होतं. पण हा कोर्सवाल्यांचा काउन्सेलर मराठीत बोलायचा, ताई म्हणायचा, आणि मला खरोखर पटेल असं बोलला: नवख्यासाठी कोर्सची एक पातळी, टेक लीडसाठी दुसरी, डिलिव्हरी हेडसाठी तिसरी.

हा विचार आजही मला बरोबर वाटतो. पहिल्यांदा टीम हाती आली की वन-ऑन-वन, म्हणजे एकेकाशी समोरासमोर बोलणं, कसं घ्यायचं, काम दुसऱ्याला देऊन आपण त्यात लुडबुड कशी करायची नाही, हे शिकावं लागतं. मॅनेजरांचा मॅनेजर झाल्यावर प्रश्न बजेटचे, भरतीचे, कुणाला काढायचं याचे असतात. म्हणून मी हो म्हटलं. हावरटपणा नव्हता तो.

फी २,५०,०००, वर १८ टक्के जीएसटी ४५,०००. एकूण २,९५,०००. त्यातले २५,००० यूपीआयने लगेच भरले. उरलेल्या २,७०,००० चे "१५,००० चे अठरा सोपे हप्ते".

आणि आता तो क्षण, जो मी रोज रात्री आठवते. शनिवार, रात्रीचे आठ, मुलगी जेवायला हाका मारतेय, समोर व्हिडिओ कॉल. त्याने लिंक पाठवली. स्क्रीनवर एका फायनान्स कंपनीचं नाव आलं आणि माझ्या नावाआधी 'बॉरोअर', म्हणजे कर्जदार, असं लिहिलेलं. मी ते वाचलं. नजरेतून सुटलं असतं तर इतकं लागलं नसतं. मी विचारलंसुद्धा, "हे कर्ज आहे का?" तो म्हणाला, "नाही ताई, ते सिस्टिमचं फॉरमॅट आहे. कोर्स नाही आवडला तर पंधरा दिवसांत सांगा, हप्ता आपोआप बंद." आणि मी आधारचा ओटीपी टाकला. बँकेतून हप्ता कापून घ्यायची परवानगीही त्याच कॉलवर दिली. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधली एकेक ओळ तपासणारी मी, तो एक शब्द सोडून दिला.

कर्जाच्या प्रोसेसिंगचे जीएसटीसकट ६,३७२ वेगळे कापले गेले, ते खात्यावर दिसले तेव्हा कळले.

फायनान्स कंपनीने सगळी रक्कम कोर्सवाल्यांना एकदम दिलेली असते. कोर्सवाल्यांचा धंदा तिथेच संपतो, पुढे तुम्ही आणि तुमचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा. म्हणून कुणी "हप्ता" म्हटलं की पहिला प्रश्न हा विचारा: पैसे कोण देतंय आणि कुणाला? ॲपवरून दिलेल्या कर्जातून दंड न भरता बाहेर पडायला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मुदत द्यावी लागते, आणि ती कर्जाच्या माहितीपत्रकात छापलेली असते. माझं माहितीपत्रक ईमेलच्या प्रमोशनच्या कप्प्यात पडलं होतं. मी उघडलं तेव्हा मुदत संपून गेली होती.

कोर्समध्ये काय होतं? रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. टीम कशी घडत जाते याचं टकमनचं १९६५ सालचं फॉर्मिंग-स्टॉर्मिंग, तातडीचं आणि महत्त्वाचं यांचे चार चौकोन, आणि दर रविवारी एक "मेंटर", जो आमच्याच प्रश्नांवर आम्हाला चर्चा करायला लावायचा. बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लातूरचा तेवीस वर्षांचा मुलगा होता, नाशिकचे एक डिलिव्हरी मॅनेजरही होते. तिघांनी लॉगिन ताडून पाहिलं. पातळ्यांची नावं तीन, व्हिडिओ तेच. त्या मुलाला तर पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रमाणपत्र, मिळवून देतो म्हणून सांगितलं होतं. त्या परीक्षेला बसायला चार वर्षांची पदवी असली तरी प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, आणि तो नोकरीला लागून वर्ष झालं होतं. कोर्सवाले देतात ते फक्त ३५ तासांच्या प्रशिक्षणाचं पत्र. परीक्षेची फी वेगळी.

बाराव्या दिवशी मी परतावा मागितला. उत्तर: "तुम्ही लॉगिन केलंत, म्हणजे सेवा वापरली." ज्या नामवंत व्यवस्थापन संस्थेचं नाव जाहिरातीत होतं, तिला लिहिलं. अडीच महिन्यांनी कळवलं की त्या कंपनीशी करार संपलाय. (ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम विद्यापीठांना आपल्या नावावर दुसऱ्या कंपनीला चालवायला, म्हणजे फ्रँचायझीने, देता येत नाहीत, हे उच्च शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या यूजीसी आणि एआयसीटीईने जानेवारी २०२२ मध्येच बजावलं होतं. प्रमाणपत्रावर सही कुणाची असणार, हे पैसे भरण्याआधी लेखी मागा.)

पोलीस चौकीत दोन तास बसवून ठेवलं आणि "मॅडम, ओटीपी तुम्हीच दिलाय, हे सिव्हिल मॅटर आहे" म्हणाले. तिथल्या हवालदाराने मला विचारलं, "एवढ्या शिकलेल्या तुम्ही?" हा प्रश्न कोर्सवाल्यांना कुणी विचारत नाही. सायबरवाले म्हणाले, चोरी झालेली नाही. सरकारी हेल्पलाइनने माझी तक्रार कंपनीला पाठवली, कंपनीने "अटी मान्य केल्या होत्या" असं लिहिलं, आणि तेवढ्यावर तक्रार बंद! मला कुणी एक फोन केला नाही. कर्जाच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने सांगितलं, आधी फायनान्स कंपनीला लिहा, तीस दिवस थांबा. थांबले. मग उत्तर आलं की वाद कोर्सच्या दर्जाचा आहे, आमचा नाही. कोर्सवाले म्हणतात कर्जाचं आम्हाला विचारू नका. आम्ही कर भरतो, मग आमचं गाऱ्हाणं नेमकं कुणाचं आहे?

फ्लॅटचं कर्ज अडू नये म्हणून मी नऊ हप्ते, १,३५,००० रुपये, भरले. सुरुवातीचे २५,००० आणि प्रोसेसिंगचे ६,३७२ धरून तोच वरचा आकडा. "तेव्हाच बंद का नाही केलंस" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दहावा थांबवला, सिबिल ७८१ वरून ६५५ वर आला आणि वसुलीवाल्यांनी सासूबाईंना फोन केला. घरात हे असं कळलं.

कॉल रेकॉर्ड करा. तोंडी आश्वासन लगेच ईमेलवर लिहून "बरोबर ना?" असं विचारा. मी केलं नव्हतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मी तिथे तक्रार दाखल केली आहे. दोन तारखा झाल्या, समोरून कुणी आलं नाही.

लातूरच्या मुलाने अजून घरी सांगितलेलं नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे, आयोगाने परवानगी दिली तर सारख्याच तक्रारीचे अनेक जण एकत्र उभे राहू शकतात. मी आणि नाशिकचे ते गृहस्थ त्या तयारीला लागलो आहोत. असेच "तीन पातळ्यां"चे व्हिडिओ तुम्हाला विकले गेले असतील, तर कर्जाचं माहितीपत्रक आणि बँकेचा उतारा काढून ठेवा आणि मला कळवा.